सणाच्या लिलावातली बकरी

माय, आज उपासनेनंतर आफ्रिकेतल्या दवाखान्यासाठी दानाची पेटी फिरली. मी माझं टाकलं, पेटी शेजारणीकडे सरकवली आणि तुझी बकरी आठवली. तुला जाऊन किती वर्षं झाली, पण तुला लिहावंसं वाटलं ते आजच.

मिशनचे साहेब-मडम एकेक करून आपल्या देशी निघाले होते तेव्हाची गोष्ट. पाळकसाहेब म्हणाले होते, "आजवर समुद्रापलीकडून आपल्यासाठी आलं. आता आपण पाठवू." बाकीच्यांनी ऐकलं आणि घरी गेले, तू मात्र ते अंगाला लावून घेतलंस. दर मंगळवारी महिला मंडळातल्या बाया आपल्या धुळ्याच्या खोलीत बसायच्या. जुनी धोतरं सोड्यात उकळायची, फाडायची, आफ्रिकेतल्या रोग्यांच्या जखमांसाठी त्यांच्या पट्ट्या गुंडाळायच्या. स्वयंपाकालाही त्या उकळत्या कपड्यांचा वास यायचा. नाना सरकी काढायच्या जीनमधून भुवयांत कापूस घेऊन आले की म्हणायचे, "आपल्या पोरांना सदरा नाही, आणि ही तिकडच्या लोकांचे पाय बांधते." तू मान वर न करता म्हणायचीस, "पायाला सदरा नाही लागत, पट्टी लागते." नानासुद्धा हसायचे.

सुगीनंतर उपकारस्तुतीच्या सणाला लोक ज्वारी, कापूस, कोंबड्या, जळगावकडून आलेले केळीचे घड वेदीपुढे ठेवायचे आणि उपासना झाली की आवारात त्यांचा लिलाव व्हायचा. आपल्यात एक रीत होती, कोणी कधी तोंडाने न बोललेली. गरिबाच्या घरून झेपणार नाही अशी वस्तू आली, तर बोली जिंकणारा पैसे भरायचा आणि दिवेलागणीला ती वस्तू गुपचूप त्या गरिबाच्या दारी पोचती करायचा. एका विधवेचा तांब्याचा हंडा असाच घरी आला होता. बोलून दाखवलं तर देणाऱ्याचं देणं राहत नाही, म्हणून सगळे गप्प.

त्या वर्षीचा लिलाव आफ्रिकेसाठी होता. तू बकरी घेऊन आलीस. तापानंतर तुझं दूध आटलं होतं, आणि माझा तान्हा भाऊ त्या बकरीच्याच दुधावर होता. हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

मंडळीचे पंच ओरडतायत, "बोला भाऊ, बोला! दूध देते, मारत नाही, उपदेश चालू असताना झोपत नाही!"

मागून कोणीतरी म्हणतं, "मग तिलाच पंच करा की!"

सगळं आवार हसतंय. बोली चढत जाते आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर नव्याने बदलून आलेला एक कारकून ती जिंकतो. एवढी किंमत बकरीला कधी आली नव्हती. लोक टाळ्या वाजवतात. तो लाजत दोरी हातात घेतो आणि निघतो. शेजारची अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, "बठ्ठासले माहीत शे. संध्याकायले येई जाई दारमा." मलाही वाटलं, सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळी येईलच दारात.

संध्याकाळ झाली. बकरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो परगावचा, त्याला रीत कोण सांगणार? पंचांना वाटलं पाळकसाहेबांनी सांगितलं असेल, पाळकसाहेबांना वाटलं पंचांनी.

आपण हॉटेलातून म्हशीचं दूध आणलं, पाणी घालून दिलं. बाळाला ते पचेना. हगवण लागली. नाना चपला घालून म्हणाले, "मी जातो, मागून आणतो." तू दारात उभी राहिलीस. "देवाला दिलेलं मागायला माणसाच्या दारी जायचं?" मी म्हटलं, "मी जाते, मी लहान आहे." तू माझा हात धरलास, आणि तो किती घट्ट धरला होतास ते अजून माझ्या मनगटाला कळतं. मिशनच्या दवाखान्यात नेलं तेव्हा बाळ रडायचंही थांबलं होतं.

बाळाच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी तो कारकून बकरी घेऊन आला. बाहेर बांधली. तिची कास भरलेली, ती सारखी ओरडत होती. तो उंबऱ्यातच बसला. "ताई, मला कोणी सांगितलंच नाही हो."

"सांगायचं काय त्यात, भाऊ? तुम्ही पैसे मोजलेत. घेऊन जा तिला." आणि तू त्याला काळा चहा करून दिलास.

पुढच्या मंगळवारी बाया आल्या, तर फाडायला कापड नव्हतं. तू बाळाची दुपटी उकळलीस. कोणी तुझ्याकडे बघेना. माझ्याही वाटणीला एक आलं, मऊ, धुऊन धुऊन विटलेलं. मी त्याची पट्टी गुंडाळली.

मंडळात अजून तुझा दाखला देतात. द्यावं तर असं, म्हणतात. मी पैपैचा हिशेब ठेवणारी बाई, मिळकतीतला दशमांश कधी चुकवला नाही, आणि तिथे मान डोलावते. पण हा कागद पाळकांना दाखवण्यासारखा नाही. आज चुलीत जाईल.

तू ती बकरी खरंच देऊन टाकली होतीस, की त्या संध्याकाळी तूही वाट बघत होतीस? तू कधी बोलली नाहीस, आणि प्रार्थनेत मला हे विचारता येत नाही. खरं सांगू माय? तुला ती परत हवी होती, असंच निघावं असं मला वाटतं.