अक्षतेच्या दिवसाची सुट्टी

सोलापूर, २० जानेवारी २०२५

ती. सुधामावशीस,
अंकिताचा सा. न.

फोनवर मी ‘बरं आहे’ म्हणून सुटते, असं तू म्हणतेस, म्हणून हे पत्र. आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यातली गौरम्मा आठवते ना? कुणी न सांगता इतरांचे शर्ट तपासणारी, नजर मंदावलेल्या बजाबाईंच्या सुईत रोज दोरा ओवून देणारी. आता ती फक्त स्वतःचे शर्ट शिवते आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला उठून घरी जाते. परवा उलटे खिसे लावलेल्या शर्टांचा गठ्ठा परत आला. विचारलं, तर म्हणाली, माझ्या टेबलावरचा न्हवता की.

ग्रामदैवताच्या यात्रेत, देवाच्या लग्नाच्या अक्षतेला निम्म्यांनाच सुट्टी, आळीपाळीने, आणि यादी माझ्याकडे. यंदा पाळी तिची होती. ती समजून घेईल म्हणून मी सगळ्यांसमोर तिचं नाव खोडलं आणि मालकांच्या भाचीचं, रेश्माचं घातलं. त्याच दिवशी तिच्या मुलाने, गुरुशांतने, मिरवणुकीतला तो उंच, जड नंदीध्वज पहिल्यांदा पेलला, मावशी. मला ठाऊक नव्हतं. केबिनमध्ये बोलावून माफी मागितली, साडी दिली. ती साडी टेबलावरच ठेवून गेली. ती काम सोडेल अशी भीती वाटते. काय देऊ तिला?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
अंकिता

अकलूज, २७ जानेवारी

चि. अंकितास,
अ. आ.

तुझं अक्षर अजून मुंग्या पळाल्यासारखंच आहे, तरी दोनदा वाचलं.

कॉन्व्हेंटमध्ये मी रोज आपणहून चॅपलमधली फुलं बदलायचे. एकदा सिस्टर अ‍ॅग्नेसनी फुलदाणी फोडल्याचा आळ वर्गासमोर माझ्यावर घेतला. खरं कळल्यावर बागेत एकटीला गाठून सॉरी म्हणाल्या, हातात लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या. गोळ्या मी खाल्ल्या. फुलांना पुन्हा हात लावला नाही. फार मायाळू होत्या गं, अजून आठवतात. पण वर्गाला आजही वाटत असेल, फुलदाणी मीच फोडली.

बजाबाईंच्या सुईत आता दोरा कोण ओवतं, ते बघ. तीच ओवत असेल, तर तिचं मन आटलेलं नाही, तुझ्यापुरतं तिने आवरतं घेतलंय. नाव जिथे खोडलंस तिथेच बोल. तिने पुन्हा शर्ट तपासावेत म्हणून मात्र नको.

माया आहेच, तीत तुझ्या पत्रांची भर पडू दे.
मावशी

सोलापूर, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

दोरा तीच ओवते.

गेल्या सोमवारी मशिनं थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं, की गौरम्माची पाळी मी मोडली, चूक माझी, रेश्माची नाही. पुढच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावल्या. रेश्मा शेवटी. मालकांचे चार शब्द ऐकून घेतले. गौरम्मा म्हणाली, पुढल्या वर्षी पोरगं बी असंल, मी बी असंन, पन पयली खेप एकदाच असती.

आठवडाभर ती सहाला जातच राहिली. काल मात्र पिशवी घेऊन दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. रेश्माच्या टेबलावरचा शर्ट उचलून म्हणाली, पोरी, मुलींचा शर्ट हाय ह्यो, काजं उलट्या अंगाला पाडलीस की. मग पिशवी खाली ठेवून तिला दाखवत बसली.

मी केबिनमधून बाहेर आले नाही. तिला वाटलं असतं, मी त्याचीच वाट बघत होते.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असावा. अक्षर सुधारतेय.
तुझी,
अंकिता