खालून लागलेला खवा

गुरुवार, जेवणाआधी

हाताला अजून जळक्या खव्याचा वास येतोय.

लातूरचा क्लास अर्ध्यात सोडून घरी आल्यापासून मला कुणी कामच सांगत नाही. "आराम कर, बाळा." डॉक्टरांनीच तसं सांगितलंय म्हणं. सगळे इतकं हळू बोलतात, की मी घरात पाहुणी आहे असं वाटतं. मग सकाळी उठायचं तरी कशासाठी?

आज आमच्या खव्याच्या भट्टीवर गडी आला नाही. अण्णांनी नाइलाजानं माझ्या हातात उलथनं दिलं. दूध आटेपर्यंत हलवत राहायचं, एवढंच. पण माझं मन कुठं गेलं कुणास ठाऊक, हात थांबला आणि खवा खालून लागला.

"ध्यान कुठंय तुझं? सगळी कढई घालवलीस!" अण्णा ओरडले.

आई धावत आली. "अहो, तिला असं बोलू नका!"

अण्णांचा चेहराच उतरला. "चुकलं माझं, बाळा."

त्यांचं काय चुकलं? किती दिवसांनी माझ्यावर कुणी ओरडलं! म्हणजे माझ्याकडून अजून कुणाला काहीतरी हवंय?

"न्हाय अण्णा, उद्या बी मीच हलवणार."

अण्णांनी उलथनं घासलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

वास अजून आहे. हात धुवावेसे वाटत नाहीत.