दोन लाल टाके

३ मार्च, सोमवार
परत नाकाचा घोळणा फुटला म्हणे! वीस वर्षं लोकांचे कपडे धुतेय, मला शिकवते. घोळणा फुटला तर डाग पुढे पडतो. हा ब्लाऊज मागून, मानेपाशी, आतल्या अंगाने रक्ताने भरलाय. बाही उसवलेली. आणि गळ्याला दोन लाल टाके — प्रत्येक घराची खूण मी वेगळी घालते, ही वस्तीच्या पुढाऱ्यांच्या, दादांच्या घरची.
वहिनी, म्हणजे दादांची बायको, गठ्ठा देताना हसली. जरा जास्तच हसली.

४ मार्च
डाग गेला. गार पाणी आणि मीठ. मलासुद्धा आता जागा सापडत नाही.

६ मार्च, गुरुवार
यांना सांगितलं. म्हणाले, तोंड बंद ठेव, सतराला कोर्टाची तारीख आहे. वस्तीतली बेचाळीस घरं राहणार की पाडणार, ते त्या दिवशी ठरायचंय. सगळे कागद दादांकडे, वकिलाला धरून आणणारे दादाच. खोटं कशाला लिहू — मागच्या वर्षी बुलडोझर आला तेव्हा हा माणूस आमच्या दारात आडवा पडला होता. आत सासूबाई खाटेला खिळलेल्या. त्यांना घेऊन मी कुठे जाणार होते?
मी विचारलं, मग तिने मार खायचा?
"तिने तक्रार केलीय का तुझ्याकडे?" म्हणाले, आणि चहा ओतून घेतला. दचकले नाहीत. यांना आधीच माहीत असणार.

७ मार्च
शेजारणीची भिंत दादांच्या भिंतीला लागून. म्हणते, दादा म्हणजे देवमाणूस. रेडिओ एवढ्या मोठ्याने का लावतेस विचारलं, तर म्हणे हल्ली ऐकू कमी येतं. काल नळावर मी कुजबुजले ते मात्र हिला बरोबर ऐकू आलं!

९ मार्च, रविवार
चिठ्ठी लिहिली. "मला कळलंय. हात आवरा, नाहीतर शनिवारी वस्तीच्या सभेत सगळ्यांसमोर बोलेन." दादांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घातली. खाली नाव नाही घातलं. जसं काही त्यांचे कपडे चार जणी धुतात.
बोलेन का पण? वकिलाने केस सोडली तर? सासूबाईंना कुठे ठेवू?

१० मार्च
दादा रस्त्यात भेटले. "काय मावशी, गुडघा कसा आहे?" सरळ डोळ्यांत बघून. अंगावर शर्ट तोच. चिठ्ठी मिळाली नाही, की माणूस पोचलेला आहे?

११ मार्च, मंगळवार
वहिनी आली. चिठ्ठी तिच्या हातात. त्या घरात गठ्ठा कोण सोडतं, कपडे कपाटात कोण लावतं — एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं पाया पडेल, गप्प बसा म्हणेल. बसलीसुद्धा नाही.
"पाच वर्षं डाग तुम्हीच काढताय, मावशी. घोळण्यावर तुमचा विश्वास होता?"

शनिवारी ती स्वतःच सभेत उभी राहणार आहे. घरं गेली तर वस्ती तिला आणि तिच्या पोरींना फाडून खाईल, हे तिला ठाऊक आहे. तुम्ही शेजारी उभ्या राहा, म्हणाली, काय काय धुतलंत तेवढंच सांगा.
मग गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.
"हा धुऊ नका. गुरुवारी येते. हो की नाही, तेव्हा सांगा."