मुठीवरचा खळगा

मी, या कागदाखाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, लिहून ठेवतो की माझी फुफ्फुसं लाकडाच्या भुशाने संपली असली तरी डोकं जागेवर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. तशी कोणाची टापही नाही.

राहतं घर मुलाला. छत गळतं हे मी त्याला सांगून थकलो; आता त्याच्या डोक्यावर गळेल तेव्हा कळेल. बँकेतली ठेव मुलीला. रंधे आणि पटाशा कारखान्यातल्या कारागिरांनी वाटून घ्याव्यात. जावयाला त्यातलं एकही हत्यार देऊ नये. त्याने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता.

आता करवत. ती माझ्या पुतणीला द्यावी, आणि पुढचा मजकूर तिला कारखान्यात, सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.

एकोणीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं दार दोन बोटं आखूड कापलं गेलं. कापलं होतं माझ्या धाकट्या भावाने. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, "डावखुऱ्याला करवत दिली म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! चालता हो इथून." तो आपली करवत घेऊन गेला. संध्याकाळी मी कापलेली पट्टी उचलून पाहिली. तिच्यावरची खूण माझ्या पेन्सिलीची होती. त्याने बरोबर खुणेवरच कापलं होतं. ती पट्टी मी शेगडीत घातली. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता तोंड काही उघडलं नाही.

गेल्या वर्षी भंगारवाल्याकडे एक गंजलेली करवत मिळाली. जुनी हत्यारं नीट करणं हा माझा म्हातारपणाचा नाद. आधी मूठ सोडवली. अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला झिजलेला; वाटलं, कुणा अडाण्याने वाट लावली आहे. कानस मारली, पॉलिशपेपर फिरवला, खळगा पार घालवला, वर तीनदा जवसाचं तेल पाजलं. मग पात्याला रॉकेल लावून गंज खरवडला, तर खाली खिळ्याने ठोकलेली तीन टिंबं निघाली. भाऊ कामाला लागला तेव्हा त्याची खूण म्हणून मीच ती ठोकली होती.

भंगारवाल्याला विचारलं. "एका बाईने विकली. नवरा गेला म्हणाली." भाऊ गेल्याचं मला असं कळलं.

महिन्याभराने पुतणी भंगारवाल्याला विचारत करवत शोधत आली. तीही सुतारकाम करते. तिने मूठ धरली आणि थांबली.

"काका, इथे बाबांचा अंगठा बसायचा. तिथेच माझा ठेवून त्यांनी मला शिकवलं. मूठ बदललीत का?"

"सडली होती. फेकली," मी म्हणालो.

"मग राहू द्या," म्हणाली आणि गेली.

पोरी, मूठ तीच आहे. खळगा मी घासला. आणि तुझा बाप चुकला नव्हता, मी चुकलो. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. करवतीच्या दातांना मात्र मी कानस लावलेली नाही. त्याने लावले तसेच ते आहेत.

ठिकाण: कारखान्यामागची खोली. दिनांक: नऊ मार्च.

(सही)

साक्षीदार पहिला, भंगारवाला: मजकूर वाचला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा, कारखान्यातला पॉलिशवाला: सही माझ्यासमोर झाली. खूण कुणाची होती हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. धाकट्यालाही होतं. जाताना तो मला म्हणाला, "तू बोलू नकोस. दादाची इतक्या वर्षांची अब्रू जाईल."