आधी सांगायचं

९ जानेवारी

आज पहिल्यांदा एका माणसाला आंघोळ घातली. पलंगावरच, ओल्या फडक्याने. डॉक्टर झाले, पण हे कुणी शिकवलंच नव्हतं! रेडिओलॉजीला जायचंय ते तरी कशाला? अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म वाचायच्या, कुणाच्या अंगाला हात लावायला नको. इथे परराज्यात, शेवटच्या आजारातल्या माणसांच्या दवाखान्यात सहा महिने स्वयंसेवक म्हणून काढले की प्रमाणपत्र, आणि ते अर्जाला जोडलं की परदेशातली रेडिओलॉजीची जागा. एवढा साधा विचार करून आले. बाबांनी तर सोसायटीभर आधीच सांगून टाकलंय.

मान खाली घालून भराभर उरकलं. इथली प्रमुख—मोठी सिस्टर—बाजूला उभी होती. म्हणाली, "फरशी छान पुसलीस." कान लाल झाले.

१० जानेवारी

सिस्टरकडून नियम कळला. हात लावायच्या आधी सांगायचं. माणूस बेशुद्ध असला तरी. "मला त्यांची भाषा येत नाही," म्हटलं. "मग तुझ्या भाषेत सांग. आधी आवाज पोचू दे, मग हात."

२ फेब्रुवारी

खिडकीजवळच्या पलंगावर सुतारआजोबा आहेत. आयुष्यभर सुतारकाम केलं, आता फुप्फुसं गेली. रोज पलंगाची कड ठोकून बघतात आणि नाक मुरडतात. मी म्हणते, "आजोबा, आता डावा हात धुते हं." ते म्हणतात, "हं." मग उजवा स्वतःच पुढे करतात. ते त्यांच्या भाषेत काहीबाही सांगतात, मी "हो ना!" म्हणते. एकमेकांचं अक्षर कळत नाही आणि छान जमतं. काही संसारही असेच चालतात म्हणे.

मान खाली घालून उरकणं थांबलंय. कधी थांबलं कोण जाणे.

१९ मार्च

आजोबांना दोन शब्दांनंतर थांबावं लागतं. श्वास घेतात, मग पुढचे दोन. तरी पलंगाला शिव्या घालणं चालूच.

२७ मार्च

सुतारआजोबा गेले. सकाळी सिस्टरने आणि मी त्यांना पुसून काढलं. मी न सांगताच फडकं उचललं. सिस्टर म्हणाली, "थांबलीस का? सांग त्यांना." सांगितलं. डावा हात. मग उजवा. तो मलाच उचलावा लागला, तेव्हा रडू फुटलं.

५ एप्रिल

घरी फोन. आई म्हणाली, "बाबा झोपलेत." मागच्या वेळीही झोपले होते. दुपारी? बाबा?!

११ एप्रिल

हट्टच धरला तेव्हा बाबा फोनवर आले. "नीट शीक." थांबले. "घाई नको." थांबले. "प्रमाणपत्र घेऊनच—" पुढचं आलंच नाही.

मला ते थांबणं ओळखू आलं.

दादाला लगेच फोन लावला. आधी उडवाउडवी. "अगं, सर्दी आहे." मी ओरडले तेव्हा रडायलाच लागला. "कॅन्सर आहे, फुप्फुसात पसरलाय. बाबांनीच शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. तुझं वर्ष वाया जाईल म्हणाले." सगळे मिळून मला लहान मूल समजले! राग, राग, राग. आणि भीती.

१२ एप्रिल

सिस्टर म्हणाली, "मधेच गेलीस तर प्रमाणपत्र देता येणार नाही." मी म्हटलं, माहितीये. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. घेण्याआधी सांगितलं!

बॅग भरली.

१४ एप्रिल

बाबा निम्मे उरलेत. मला बघून पहिलं वाक्य, "आलीस कशाला?" दुसरं, "जेवलीस का?"

कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. आईलासुद्धा नाही. दादा म्हणतो, पाणी आणलं की भिंतीकडे तोंड करतात.

२२ एप्रिल

पाणी घेऊन गेले. "बाबा, आता डावा हात धुते हं." भिंतीकडे तोंड केलं. मग, "हं."

पाठ पुसताना सांगून टाकलं. रेडिओलॉजीचा अर्ज नाही करणार. हेच काम शिकणार, शेवटच्या आजारातल्या माणसांचं. भडकलेच. "एवढं शिकून—" श्वास. "आंघोळी घालणार?" म्हटलं, हो. "लोकांना काय—" श्वास. "सांगू मी?" मला हसू आलं, रडूही. त्यांना नाही पटलं. मुळीच नाही.

उजवा हात मात्र स्वतःहून पुढे केला.

९ मे

बाबा पहाटे गेले. सकाळी त्यांना पुसून काढताना एकेक गोष्ट सांगत होते. दादा म्हणाला, "अगं, आता कुणाला सांगतेस?" मी थांबले नाही.

उजवा हात दादाने धुतला. आधी सांगून.