लग्नाच्या फुलांना लागणारं सामान

अप्पा, तुमची नात परवा माझ्याकडे आली होती. भावाची थोरली. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती, आता नौबादचं आपलं हारांचं दुकान तीच चालवते. चहा हातात घ्यायच्या आधीच म्हणाली, "आत्या, आता लग्नाची कामं धरावी म्हणायलेय मी. काय काय सामान लागतंय ते लिहून दे की. अप्पांची यादी तूच लिवली हुतीस म्हणं." मी हो म्हटलं, तिला गाडीपर्यंत सोडलं, आणि तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. हजार माणसांपुढे कागदाशिवाय बोलणारी मी, अर्धं पान लिहू शकत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

यादी लिहिली ती दुपार आठवते. दुकानात गिऱ्हाईक नाही. तुम्ही ओल्या पोत्यावर काकड्याची फुलं पसरून बसला आहात, बोटं दोऱ्यात, आणि तोंडानं मला सांगता आहात. आठ खोल बादल्या, कारण देठाचं फूल मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं पाहिजे. देठ तिरका कापायला धारदार सुरी. कात्री नको, कात्रीनं देठ चेंगरतो आणि पाणी वर चढत नाही. बारीक तार, पक्कड. पाणी धरून ठेवणारा तो हिरवा स्पंज. बर्फ घालून फुलं न्यायला थर्माकोलची खोकी. फवाऱ्याचा हातपंप, घडीची शिडी. आणि लोखंडी नळ्यांची कमान, सुटी करून टेम्पोत घालता येईल अशी. एवढं कशाला, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "देवाला घातलेलं फूल घटकाभरात सुकलं तरी देव काई म्हणत न्हाई. लग्नातलं फूल सकाळधरनं सांजपस्तोर ताजं दिसाय पाहिजे. माणसं बघत असतेत." जन्मभर तुम्ही हार बांधून दुसऱ्याच्या हाती दिलेत, हार लग्नाला जायचा, तुम्ही दुकानात राहायचा. एकदा मांडवात उभं राहून आपलं काम बघावं, एवढंच तुमच्या मनात होतं.

मी तेव्हा भालकी, बसवकल्याण, पार आळंदपर्यंत सभा घेत होते. हुंड्यावर, लग्नातल्या उधळपट्टीवर. अजूनही घेते, आणि त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही. मुलगी झाली म्हणून ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घरांपुढे गप्प बसणं मला कधी जमलं नाही. "अप्पा, मी गावोगाव थाटाच्या विरोधात बोलायचं आणि तुम्ही कमानी उभ्या करायच्या?" असं मी तणतणले, तर तुम्ही हसलात. "तू बोललीस की लोक टाळ्या वाजवतेत, अन् सभा सुटली की माझ्याकडंच हार न्यायला येतेत. दोघांचं बी बरं चाललंय की. कामून भांडायलीस?"

कमानीची गंमत तर भाऊ अजून सांगतो. आपल्याकडे फुलांचा सर हातानं मोजायचा, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तुमचा हात लांब, म्हणून बायका दोन दुकानं ओलांडून तुमच्याकडे यायच्या. वेल्डरलाही तुम्ही तसंच सांगितलंत, उंची पाच हात. वेल्डर बुटका, त्यानं स्वतःच्या हातानं मोजली. कमान घरी आली आणि भाऊ टॉवेलचा फेटा बांधून खालून गेला, तर तुरा अडकला. आम्ही पोट धरून हसलो. तुम्ही कमानीकडे बघत म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. नवरदेव जरा वाकून आला तर काय बिघडतंय? जलमभर नवरीच वाकायलीय." हे वाक्य मी पुढे कितीतरी सभांमध्ये म्हटलं. कुणाचं ते सांगितलं नाही. कमानीला मात्र तुम्ही पायाशी तुकडे जोडून घेतलेत.

पहिलं काम खटकचिंचोळीचं. मुलीचा बाप धान्याचा व्यापारी, भला माणूस. अक्षतांच्या आधी चार शब्द बोलायला त्यानं मलाही बोलावलं होतं. तुम्ही पहाटेपासून मांडवात होता. निशिगंध आणि पिवळी शेवंती, एकही पाकळी मान टाकलेली नाही. मी माईक घेतला, त्याच कमानीखाली उभी राहिले आणि बोट वर केलं. "ही फुलं संध्याकाळी उकिरड्यावर जातील," मी म्हणाले, "पण ती बघून गावातला दुसरा बाप उद्या आपलं रान विकायला काढील." टाळ्या थांबेनात. मुलीचा बाप उठला. "अक्का म्हणतेत ते खरं हाय. काढा ती कमान!" पुन्हा टाळ्या. कुणी हात लावायच्या आत तुम्ही स्वतः शिडी आणलीत. एकेक तार कापत होता, फूल तुटणार नाही अशी. सगळा मांडव बघतो आहे, नवरी बघते आहे, अक्षता खोळंबल्या आहेत. खाली उतरून तुम्ही ओंजळी भरून फुलं बायकांना वाटलीत.

परतताना टेम्पोत मी वाट बघत होते, रागावाल म्हणून. कमठाणा मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, "आवाज चांगला लागला हुता आज." बस. पुढे त्या बादल्या घरात पाण्याला लागल्या, कमान भंगारात गेली. लग्नाचं काम तुम्ही परत धरलं नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

नातीला यादी मी देणार आहे. हे पत्र कुणाला देणार? वहीतच राहील. लोक अजून त्या भाषणाची आठवण काढतात. स्वतःच्या बापालाही सोडलं नाही म्हणतात, आणि मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो. अप्पा, त्या दिवशी फुलांवर बोलायचं ठरलेलंच नव्हतं. हुंड्यावर बोलणार होते. मी मांडवात शिरले तेव्हा तुम्ही शिडीवरून, गुडघ्यापर्यंत खोवलेल्या ओल्या धोतरात, मोठ्यानं सांगत होता, "माझी लेक हाय ती." पुढच्या रांगेतले वकील आणि प्राध्यापक वळून आधी तुमच्याकडे बघू लागले, मग माझ्याकडे. मला तुमची लाज वाटली. बाकीचं सगळं मला त्यानंतर सुचलं.