भर समुद्रात बोललेला नवस

तापीकाठ, तालुका शहादे
आषाढ वद्य पंचमी, शके १८८३

सुरतनिवासी आमचे मेव्हणे श्री. रतिलालभाई यांना सुकलालचा मनापासून रामराम.

इकडे देवाच्या दयेने सर्व ठीक. तुमची प्रकृती कशी आहे ते मात्र उलटटपाली लिहावे, आणि खरे लिहावे. चालताना ठेच लागते का, जेवण जाते का, अंगात कणकण वाटते का? (तुम्हाला शिंका येतात असे आमच्या बहिणीने, सरलाने, मागे लिहिले होते. साध्याच असतील. तरी कळवावे.)

मला घोर लागला आहे तो एका गोष्टीमुळे. दिवा लागला की गल्लीतली पोरे आमच्या देवघरासमोर बसतात आणि मी त्यांना कथा सांगतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. पुराणातल्या सगळ्या संपल्या, म्हणून समुद्रावरच्या लुटारूंची काढली. समुद्र मी पाहिलेला नाही. अडलो की पोरांनाच विचारायचो, मग पुढे काय झाले असेल? ती सांगत गेली, मी मान डोलावत गेलो. त्यामुळे आमचे लुटारू कपाशीच्या गाठी लुटतात, दुपारी भाकरी-ठेचा खाऊन डोलकाठीखाली आडवे होतात आणि वारा पडला की जहाजाला बैल जुंपतात. (पाण्यात बैल कसे चालतील, असे मी विचारले. निजाम पिंजाऱ्याची शमा म्हणाली, "बैल पवतस ना, काका!" पोळ्याला नदीवर पोहताना आपण पाहतोच, तेव्हा बैल जुंपलेलेच राहिले.)

परवा पोरांनी जहाज वादळात घातले. डोलकाठी मोडली, लुटारूंचा सरदार गटांगळ्या खाऊ लागला. आता याला कोण वाचवणार, असे मी विचारताच पोरांतला धुडकू उठून उभा राहिला. "कानबाई! आपण तिले दर साल तापीमा सोडतस, तापी समुद्रमा जास. मंग ती तठेच व्हई ना!" रतिलालभाई, पन्नाशीला आलो. दर श्रावणात बाया कानबाईदेवीला डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला जातात, मी टाळ घेऊन मागे चालतो, पण ती पुढे कुठवर जाते हा विचार मला कधी शिवला नव्हता. डोळे भरून आले, आणि तिथेच घात झाला. सरदार नवस बोलतो असे पोरांनी ठरवले: वाचलो तर गावी येऊन कानबाईला समुद्राच्या पाण्याने न्हाऊ घालीन. सगळ्यांनी हात जोडून एका सुरात तो बोलला, आणि मी सवयीने उठून देवीपुढे सुपारी ठेवली, घंटा वाजवली. आपण काय केले ते घंटा वाजल्यावर कळले. तोवर सरदार काठाला लागला होता.

गोष्टीतला नवस गोष्टीत फेडू, असे मी म्हणत होतो. पण तुमच्या वहिनीने, अनुसयाने, दिवलीबाईंना विचारले (कानबाईची गाणी साऱ्या गावात त्याच म्हणतात). त्या काठी टेकत घरीच आल्या. "सुकलालभाऊ, गोष्टमा बोला का झोपमा बोला, सुपारी ठेवी ना? तो वाचना का नही?" वाचला, म्हटले. "मंग फेडा!" सुपारी उचलायला हात धजत नाही. सरदाराला पुन्हा पाण्यात ढकला, म्हणजे नवस मिटेल, असे पोरांना सुचवले, तर ती रडायला लागली. शमा अजून माझ्याशी बोलत नाही. तापीच्या पाण्यात मूठभर मीठ टाका, असे अनुसया म्हणते, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच कानाला हात लावते. नागपंचमी सरली की रविवारी कानबाई बसेल. तापी इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे काही आणत नाही. जेवण गोड लागत नाही.

सरलाला आणि लेकरांना आशीर्वाद. देवी तुम्हाला सांभाळो. (हे पत्राच्या शेवटी लिहायचे म्हणून लिहिलेले नाही.)

तुमचाच
सुकलाल

ता. क. समुद्र तुमच्यापासून जवळ आहे असे सरला सांगते. कानबाईच्या सणाला तिला माहेरी आणालच, तेव्हा कळशीभर पाणी भरून, तोंडाला फडके बांधून आणावे. आगगाडीत कोणी विचारले तर गंगाजल म्हणू नये, खोटे होईल. नंदुरबार स्टेशनावर मी बैलगाडी घेऊन उभा राहीन.

आणखी ता. क. पाणी दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नये. तुम्हीच भरावे आणि तुमच्याच हाताने देवीला घालावे. कारण लिहायचे टाळत होतो. सरदाराचे नाव काय ठेवायचे, असे मी पोरांना विचारले, तेव्हा समुद्राकडे राहणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता. (मिशा मात्र त्यांनी तुमच्याहून मोठ्या दिल्या आहेत.) नवस नावानिशी बोलला गेला आहे. शिंकांचे तेवढे ताबडतोब कळवावे.